मदत हवी आहे: बोकड लावूनही शेळ्या उलटतायत

कासभर: दुधाच्या 9 शेळ्या. बोकड लावला, 6 उलटल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आल्या. खुराक व्यवस्थित, जंतनाशक झालंय, मिनरल मिक्श्चर चालू. दूध आटत चाललंय आणि पुढच्या वेताचं गणित बिघडलंय. गाभण राहायला कुठलं इंजेक्शन आणि किती, तेवढं सांगा. घाई आहे.

रवंथ: किती दिवसांनी उलटल्या? 5-7, 18-22 की 30च्या पुढे? तिन्हींची कारणं वेगळी. त्याशिवाय इंजेक्शनचं नावही कुणी सांगू नये.

कासभर: उलटल्या म्हणजे उलटल्या हो. पाच जणी साधारण तीन आठवड्यांनी. एक आठवड्यातच परत माजावर.

हिरवा_चारा: "खुराक व्यवस्थित" म्हणजे काय ते कुणीच सांगत नाही. कंबरेच्या मणक्यावर आणि छातीच्या हाडावर हात फिरवून बघा. अंगावरच्या मांस-चरबीला 5 पैकी 3 गुण मिळतील अशी शेळी हवी. 2च्या खाली असेल तर लावायच्या 3 आठवडे आधीपासून रोज 250 ग्रॅम धान्य जादा, आणि लावल्यावरही 3 आठवडे तसंच. एकदम वाढवू नका, पोट बिघडेल. ज्या आधीच गुबगुबीत आहेत त्यांना याचा काही उपयोग नाही.

दुहेरी_वेत: स्पंज (योनीत ठेवायचा, माज रोखणाऱ्या हार्मोनचा) लावा, विषय संपला. 11 दिवस ठेवायचा, काढायच्या 48 तास आधी पीएमएसजी (बीज वाढवणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन). काढल्यावर दीड दिवसात सगळ्या एकदम माजावर.

रवंथ: आणि एकाच बोकडाने एका दिवसात नऊ शेळ्या भरवायच्या? एकदम माजावर आणलेल्या 4-5 शेळ्यांना एक बोकड लागतो. शिवाय दोष बोकडात असेल तर स्पंजाने होणार काय? नापास बोकडाकडे सगळ्या एकत्र जातील, बस्स.

दुहेरी_वेत: मग कृत्रिम रेतन करा. बोकड पोसायचाच कशाला? वास वेगळाच.

तिसरा_सड: वासावरून आठवलं, धारेच्या वेळी बोकड गोठ्यापासून लांब बांधा, दुधाला वास लागतो. मात्र त्याच्या कपाळावर घासलेलं फडकं झाकणाच्या बरणीत ठेवा. मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा) असलेल्या शेळीला हुंगायला दिलं की शेपटी हलवते, कळतं लगेच.

हिरवा_चारा: लावता कधी? माज 24 ते 36 तास टिकतो आणि बीज शेवटी शेवटी सुटतं. स्राव काचेसारखा असेल तर अजून वेळ आहे, गढूळ झाला की लावा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी सकाळी परत.

कासभर: दोनदाच लावतो हो, वेळेवर. बोकड 3 वर्षांचा, उडी जोरदार. मध्ये ताप होता पाच-सहा दिवस, पण तो कधीच बरा झाला.

रवंथ: ताप कधी?

कासभर: दीड महिना झाला असेल. लावायच्या दोन-तीन आठवडे आधी.

रवंथ: हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. तापाने वृषण तापतात आणि तयार होत असलेले शुक्राणू खराब होतात. नवीन तयार होऊन बाहेर यायला सुमारे दोन महिने लागतात. उडीचा याच्याशी संबंध नाही, जोश शाबूत राहतो आणि वीर्य निकामी असू शकतं. डॉक्टरांकडून वीर्य तपासून घ्या. साधारण 1 मिली, सायीसारखं दाट हवं, पाण्यासारखं नको. सूक्ष्मदर्शकाखाली हालचालही बघायला सांगा. दोन्ही वृषणं सारखी, घट्ट, पिशवीत मोकळी सरकणारी आहेत ना, ते हातानेच कळतं. तोवर दुसरा बोकड.

आणि इंजेक्शनबद्दल. बाजारात पटकन मिळतं ते प्रोस्टाग्लँडिन. शेळीचं गाभणपण शेवटच्या दिवसापर्यंत बीजांडकोशावरच्या पीतपिंडावर (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) तग धरतं आणि हे औषध तोच विरघळवतं. उरलेल्या तिघींपैकी एखादी गाभण असेल तर सरळ गाभडेल.

कासभर: त्या तिघी गाभणच आहेत, उलटल्या नाहीत.

हिरवा_चारा: न उलटणं हा पुरावा नाही. खोटं गाभणपण असू शकतं, गर्भाशयात नुसतं पाणी. पोट वाढतं, माज थांबतो आणि पाच महिन्यांनी फक्त पाणी पडतं. 40 दिवसांनी सोनोग्राफी करा. त्यात वारेच्या गाठी आणि पिल्लू दिसायला हवं, काळं पाणी दिसून भागत नाही. खरोखर खोटं निघालं तर मात्र तेच प्रोस्टाग्लँडिन लागतं, डॉक्टरांच्या हातून. गर्भवती बाईने त्या सिरिंजला हात लावू नये.

कासभर: आणि आठवड्यात आली ती?

रवंथ: तो माजाचा आखूड फेरा. पीतपिंड लवकर विरला. हंगामाच्या सुरुवातीला किंवा बऱ्याच दिवसांनी बोकड दिसल्यावर असं होतं. पुढचा माज बहुधा नेहमीसारखा येईल, तेव्हा लावा. वारंवार तसंच झालं तर दाखवा.

दुहेरी_वेत: नवा बोकड आणाल तो 30 दिवस वेगळा ठेवा आणि ब्रुसेलाची (गाभडवणारा जंतू) तपासणी करून घ्या. इतकं करण्यापेक्षा स्पंज आणि कृत्रिम रेतन स्वस्त पडतं, हे माझं मत कायम.

तिसरा_सड: जन्मतः भुंडा (बिनशिंगी) बोकड घेऊ नका, शेळ्याही भुंड्या असतील तर. त्यांच्या काही पाठी (मादी पिल्लं) ना नर ना मादी अशा निघतात, कधी माजावरच येत नाहीत.

कासभर: शेळ्या भुंड्याच आहेत. लहानपणी शिंगं डागलेल्या की जन्मतः, ते विचारावं लागेल.