चिपळूणची २०१८ ची स्विफ्ट: पुरात बुडाली होती का, कसं ओळखायचं?

नवखा_ग्राहक:
पेट्रोल, जून २०१८ चं पासिंग, एमएच-०८, पहिलाच मालक, ६२,००० किमी. २२ जुलै २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात गेली असेल, तर इतक्या वर्षांनी कळतं का? आतून चकाचक आहे, सीट कव्हरंही नवी.

वायरिंगवाला:
कळतं. जिथे पुसणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे बघा. पुढचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा. रिळाजवळचा हातभर पट्टा एरवी बाहेर येतच नाही, त्यामुळे त्यावरची मातकट रेघ तशीच राहते. वासही घ्या.

मग दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटून कार्पेटची कड वर करा. खालचा फोम चिमटीत चोळा. बारीक गाळ बोटांना लागतो. सीटच्या रुळांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले तर सीट का काढली होती ते विचारा. कव्हर घालायला सहसा बोल्ट खोलावे लागत नाहीत.

खरी भीती वायरिंगची. पाणी सुकतं, पण कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढत राहतो आणि दोष सावकाश वर येतात. एअरबॅगचा कंट्रोल युनिट गिअर लिव्हरच्या आसपास, फरशीलगत असतो, म्हणजे पाणी तिथे लवकर पोचतं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कोणीतरी दोष लपवलाय. अशी गाडी सोडा.

पाना_बारा:
बुडालेली गाडी कोणी स्टार्ट केली असेल तर सिलिंडरमध्ये पाणी जातं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडाच वाकला तर गाडी चालत राहते. म्हणून चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (आतला दाब मोजायची चाचणी) करून घ्या. एकाचाच आकडा इतरांपेक्षा बराच कमी आला तर संशय पक्का.

पॉलिसीवाचक:
मालकाकडून विम्याच्या जुन्या पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. क्लेम नसेल तर तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो. या गाडीला जून २०२२ ला ४५ हवेत. शून्य असेल तर त्याच्या आधीच्या वर्षात क्लेम झालाय.

नवखा_ग्राहक:
२०२३ चीच पॉलिसी मिळाली. बोनस २० टक्के.

पॉलिसीवाचक:
५० हवे होते. २० म्हणजे जून २०२१ ते जून २०२२ मध्ये क्लेम झालाय, आणि पूर त्याच वर्षातला. क्लेम नुसत्या बंपरचाही असू शकतो, म्हणून मालकाला त्या दुरुस्तीचं बिल दाखवायला सांगा. त्यात वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा), ईसीएम (इंजिनचा कंट्रोल युनिट) किंवा कार्पेट दिसलं तर पुराचा संशय पक्का. बिल मिळेपर्यंत टोकन देऊ नका.

वायरिंगवाला:
आणि बिल मिळालं तरी सीटबेल्ट ओढून बघाच.