मदत हवी आहे : लोकेशन अपडेट आणि पेजिंगच्या खर्चाचा मेळ कसा घालू?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. खिशात नुसता पडून असलेला फोन कुठे आहे, हे नेटवर्कने कमी खर्चात कसं ओळखावं, हा माझा प्रोजेक्ट. ट्रॅकिंग एरिया (शेजारशेजारच्या सेलचा गट; सेल म्हणजे एका अँटेनाच्या टप्प्यातला भाग) मोठा धरला तर 'मी आता इथे आलो' असे फोनचे अपडेट कमी होतात, पण कॉल आला की ढीगभर सेलमध्ये पेजिंग (फोनला हाक मारून शोधणं) करावं लागतं. लहान धरला की उलटं.

अडलंय ते सांगली-मिरज रोज ये-जा करणाऱ्यांपाशी. वाटेतल्या विश्रामबागजवळ दोन ट्रॅकिंग एरियांची सीमा धरली तर सिम्युलेशनमध्ये हीच माणसं सारखी अपडेट पाठवत राहतात. एलटीईत (४जी नेटवर्कमध्ये) एका फोनला १६ पर्यंत ट्रॅकिंग एरियांची यादी देता येते. ती दिल्यावर हे थांबलं, पण पेजिंग भलतंच वाढलं. मग आधी शेवटच्या माहीत असलेल्या सेलमध्ये शोधायचं, नाही सापडला तरच पूर्ण यादीत, असं केलं. खर्च उतरला, कॉल जोडायला मात्र उशीर होतोय.

आता अंतरावर आधारित अपडेट करून बघायचंय. किती सेल ओलांडल्यावर अपडेट व्हावं? सगळ्यांना एकच आकडा, की येणारे कॉल आणि फिरणं यांच्या गुणोत्तरानुसार प्रत्येकाला वेगळा? ठरलेल्या वाटेने जाणाऱ्यांना रँडम वॉक मॉडेल (माणूस दर पावलाला कुठल्याही दिशेला वळू शकतो असं धरणारं) लावणं मला तरी पटत नाही. कुणी यावर काम केलं असेल तर कृपया सांगा. पायथॉनचा कोड दाखवतो.