हेडमध्ये तुटलेला सायलेन्सरचा स्टड: ड्रिल मारावा की नट वेल्ड करावा?

होटगी रोडकर:
सायलेन्सर सडला म्हणून स्कूटर गॅरेजला लावली. एक नट नीट सुटला, दुसरा स्टडसकट (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा लोखंडी दांडा) तुटून पान्यात आला. हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) बाहेर जेमतेम ४ मिलिमीटर तुकडा उरलाय. मेकॅनिक म्हणाला, "ड्रिल मारतो, अर्ध्या तासात मोकळं." मी नको म्हणालो आणि गाडी ढकलत घरी आणली.

माझं म्हणणं असं की, तुकडा बाहेर दिसतोय तोवर ड्रिलचं नाव काढू नये. त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरावं, लाली गेली की पान्याने थोडं पुढे, थोडं मागे करत काढावा. स्टड तापून फुगतो, निवताना आकसतो, त्यात आट्यांमधला गंज फुटतो. वेल्डिंग ॲल्युमिनियमच्या हेडला चिकटत नाही, त्यामुळे आट्यांना धक्का नाही.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड:
मालक, २२ वर्षं हेच काम करतोय, म्हणून स्पष्ट बोलतो. ६ एमएमचा स्टड म्हणजे पेन्सिलीएवढा. वेल्डिंगचा टाका नीट बसला नाही तर नट सुटून येतो, तुकडा आणखी आखूड होतो आणि तापून कडक झालेला असतो. मग त्यावर ड्रिलचं बिट चालत नाही, नुसतं घसरतं. असली गाडी शेवटी आमच्याकडेच येते. त्यापेक्षा तुकडा कानशीने सपाट करा, मधोमध सेंटर पंच मारा, आधी ३ एमएम, मग ५ एमएम. भोक मधोमध असेल तर उरलेला स्टड स्प्रिंगसारखा निघतो आणि हेडचे आटे शाबूत राहतात.

होटगी रोडकर:
"मधोमध असेल तर" याचीच मला भीती आहे. गेल्या वर्षी भावाच्या गाडीवर असंच हातमशीन चाललं. मी शेजारी बसून बघत होतो. आधी बिटला काळसर कीस येत होता, मग एकदम चकचकीत पांढरा यायला लागला. म्हणजे बिट लोखंड सोडून हेडमध्ये शिरलं होतं. मऊ धातूकडे ते सरकणारच. वर त्या वाकड्या भोकात ईझी-आउट (भोकात अडकवून तुटका स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) घातला, तोही आत मोडला. तो इतका कडक की साध्या बिटने ओरखडासुद्धा निघेना. चांगलं हेड बदलावं लागलं, ते मी विसरू शकत नाही.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड:
ईझी-आउटबद्दल शंभर टक्के पटलं. स्टड जिथे पान्याने तुटला तिथे त्याच्याहून बारीक ईझी-आउट काय टिकणार? पण तो दोष घाई करणाऱ्या हाताचा, ड्रिलचा नाही.

एमआयडीसी टूलरूम:
दोघांचंही अर्धंच बरोबर. गाडीखाली वाकून, मान तिरकी करून सरळ भोक पडत नाही. हेड उतरवा, पिलर ड्रिलवर (खांबावर उभं बसवलेलं ड्रिल) क्लॅम्पमध्ये धरा. आटे गेले तरी हेलिकॉईल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून पुन्हा ६ एमएमचाच स्टड लागतो, आणि ते आटे मूळच्यापेक्षा जास्त टिकतात.

सात रस्ता:
हेड उतरवायचं म्हणजे गॅस्केट, टायमिंग चेन, दोन दिवस गाडी बंद. मी रोज मुलीला शाळेत सोडते, मेच्या उन्हात रिक्षा शोधत फिरणं मला जमणार नाही. एका नटावर चालवता येईल का?

होटगी रोडकर:
नका चालवू, ताई. एका बाजूने गॅस्केट जळतं, फटफट आवाज येतो आणि सगळा ताण उरलेल्या स्टडवर पडतो. तोही तुटेल.

मी तीन दिवस संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडतोय. उद्या आमच्याकडे पाण्याचा दिवस, म्हणून वेल्डरला परवा बोलावलंय. टाका सुटला तर दुसऱ्यांदा प्रयत्न करणार नाही, हेड उतरवून टूलरूमला देईन. हातमशीन मात्र लावू देणार नाही.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड:
माझं मत बदललेलं नाही. पण करतायच तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, बीएस-६ गाडी असेल तर ईसीयूचं (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) कनेक्टरही. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. आणि नट एक साईज मोठा घ्या, ६ च्या नटात वेल्डिंग तळापर्यंत पोचत नाही.