आरसी पाणबुडी : पाण्याखाली रिमोट चालतो का?

गिरगावकर_बोटवाला: मंडळी, आयएनएस कलवरीचं मॉडेल करायला घेतलंय, आपल्या माझगाव डॉकमध्येच बांधलेली, २०१७ ला नौदलात आलेली. १:७२ स्केलला (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) साधारण ९४ सेंटीमीटर होतंय. माझ्याकडे विमानाचा २.४ गिगाहर्ट्झ रिमोट पडून आहे, तो चालेल की बुडाली की संपलं? टेस्ट चौपाटीला केली तर?

खोलपाणी: २.४ विसर. ती फ्रिक्वेन्सी पाण्यात लगेच मरते, जुना ४० मेगाहर्ट्झचा सेट शोध, गोड्या पाण्यात तो दोनेक मीटर खाली सहज पोचतो. खाऱ्या पाण्यात मात्र त्याचीही डाळ शिजत नाही, त्यामुळे चौपाटीचं नाव काढू नको.

सोल्डर_काका: रिमोटचं सोड रे, आधी बॅलास्टचा, म्हणजे बुडी मारायला टाकीत घ्यायच्या पाण्याचा हिशोब कर. पाण्यावर तरंगताना हलचा (बाहेरच्या सांगाड्याचा) आणि वरच्या सेलचा (पाठीवरच्या उंच बुरुजाचा) जेवढा भाग बाहेर दिसतो, तेवढ्या भागाच्या मटेरियलचं घनफळ मोज (आतली पोकळी नाही, कारण तिच्यात पाणी शिरू दिलेलं असतं), टाकीत तेवढंच पाणी मावायला हवं. पिस्टनवाली टाकी घे, अर्धवट भरूनही थांबवता येते. शिसं तळाशी, फोम वर, नाहीतर कुशीवर झोपेल. आणि सिग्नल गेला की पिस्टन आपोआप पाणी बाहेर ढकलेल असा फेलसेफ लाव, हे सगळ्यात महत्त्वाचं.

गिरगावकर_बोटवाला: भारी काका 🙏 मग सोसायटीच्या पूलला सेक्रेटरीला पटवतो.

खोलपाणी: पटव, पण पहिल्यांदा शेपटीला दोरी बांधूनच सोड.