मदत हवी आहे: इटालियन फॉर्मवर बायको कुठे लिहायची?

तोरीनोकर:
लोकहो अर्जंट आहे. फॉर्म भरतोय, त्यात कोन्युजे असा रकाना आणि खाली चेलिबे, नूबिले, कोन्युगातो असले पर्याय. अ‍ॅपवर मी मोल्ये म्हणजे बायको आणि मारीतो म्हणजे नवरा शिकलो, ते दोन्ही फॉर्मवर कुठेच नाहीत. काय टिक करू? उद्या सकाळची अपॉइंटमेंट आहे.

गवती_चहा:
कसला फॉर्म? व्हिसा, बँक, घरभाडं? तुमच्या नावाचा की वहिनींच्या?

मिलान_मुक्कामी:
कोन्युजे म्हणजे जोडीदार, नवरा असो की बायको, सरकारी कागदावर हाच शब्द. मोल्ये-मारीतो घरात बोलायला. चेलिबे बिनलग्नाचा पुरुष, नूबिले बिनलग्नाची बाई. तुम्ही कोन्युगातो, वहिनी कोन्युगाता.

हौशी_पर्यटक:
स्पोझा पण बायकोच ना?

मिलान_मुक्कामी:
स्पोझा म्हणजे नवरी. फॉर्मवर नको.

हौशी_पर्यटक:
आमची घरमालकीण सत्तरीची आहे, तिला तिचा नवरा अजून स्पोझा म्हणतो, काय सांगता.

तोरीनोकर:
अहो भांडू नका. कोमूनेचा म्हणजे इथल्या नगरपालिकेचा फॉर्म आहे, रेसिडेन्सचा, बायको गेल्या महिन्यात आली, तिच्याच नावाने भरायचाय. आमचं रजिस्टर लग्न आहे, मग उनिता चिविल्मेन्ते हा पर्याय लावू ना?

मिलान_मुक्कामी:
अजिबात नको!! ते २०१६ च्या कायद्यातलं समलिंगी जोडप्यांसाठीचं आहे, आपल्या कोर्ट मॅरेजशी त्याचा काही संबंध नाही. कोन्युगाता.

सौ_पादोवा:
आडनाव पासपोर्टवर आहे तेच लिहा, एक अक्षर इकडचं तिकडे नको. इथल्या बायका लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचंच आडनाव लावतात, त्यामुळे आमचं सारखं आडनाव बघून खिडकीवरच्या बाईने सरळ विचारलं, भाऊबहीण का? मी म्हटलं नाही हो बाई, मिओ मारीतो. मग हसली.

हौशी_पर्यटक:
अवांतर: लग्नाला गेलात तर कॉन्फेत्ती मिळतात, म्हणजे साखरेत घोळवलेले बदाम, पाच द्यायची पद्धत. कागदाचे तुकडे नव्हेत. माझ्याकडे फोटो आहेत, टाकू का?

गवती_चहा:
फोटो राहू द्या. तोरीनोकर, नुसतं टिक करून भागणार नाही, मॅरेज सर्टिफिकेट लागेल. त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, झालंय का? इटालियन भाषांतर? मराठीतलं तसंच नेऊ नका.

तोरीनोकर:
अपोस्टिल भारतातूनच करावं लागतं का??