परदेशप्रवासात लॅपटॉप कसा सांभाळावा? (बार्सिलोना आणि पॅरिस, १८ दिवस, खर्चाची मर्यादा ३,००० रुपये)

मोडीवाचक
नमस्कार. मी पुण्यात कर्वेनगरला राहते आणि मोडी कागदपत्रांच्या लिप्यंतराचे काम करते. पुढील महिन्यात बार्सिलोना येथे एका परिषदेत निबंध वाचायचा असून तेथून रेल्वेने पॅरिसला जाऊन एका ग्रंथालयातील कागद पाहायचे आहेत. बहुतेक रात्री होस्टेलमध्ये, एका खोलीत सहा खाटा अशा व्यवस्थेत काढाव्या लागणार आहेत. सोबत चौदा इंची विंडोज लॅपटॉप असेल. त्या यंत्राला आता फारशी किंमत उरलेली नाही. परंतु त्यात माझे चार वर्षांचे लिप्यंतर आणि कागदांची सुमारे अकरा हजार छायाचित्रे आहेत. माझ्या एका सहकाऱ्याची सॅक बार्सिलोनातच, उपाहारगृहातील खुर्चीच्या पाठीवरून, तो स्वतः त्या खुर्चीवर बसलेला असताना गेली, तेव्हापासून मला धास्ती बसली आहे. ३,००० रुपयांत बॅग घ्यावी, कुलूप घ्यावे की विमा उतरवावा, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पिशवीप्रेमी
ताई, या बाबतीत दुसरा विचारच करू नका आणि चोरीरोधक सॅक घ्या. मी दुबईहून घेतलेली सॅक आपल्या चलनात साधारण ९,००० रुपयांना पडली. तिच्या कापडाच्या आत तारेची जाळी असल्यामुळे ब्लेड चालत नाही आणि सगळ्या चेन पाठीला टेकणाऱ्या बाजूस असल्याने मागे उभ्या असलेल्या माणसाचा हात तेथे पोचत नाही. लिस्बनच्या ट्राममध्ये मी ती पाठीवर घेऊन निर्धास्त उभा होतो. चांगल्या वस्तूवर खर्च करताना हात आखडता घेऊ नये, असे माझे मत आहे.

औंधकर
वरील सल्ल्याशी मी सहमत नाही. माझ्याकडेही अशीच जाळीची सॅक होती. मिलानच्या स्थानकावर गाडी सुटण्याच्या बेतात असताना मी ती डब्याच्या टोकाला असलेल्या सामानाच्या फळीवर ठेवली आणि आसनक्रमांक शोधायला आत गेलो. कोणी काही कापले नाही की चेन उघडली नाही. दार बंद होण्यापूर्वी अख्खी सॅकच उतरवून नेली. बार्सिलोना सांत्स ते पॅरिस गार द लियों हा सहा-सात तासांचा प्रवास आहे आणि गाडी वाटेत थांबे घेत जाते. मोठी बॅग फळीवर ठेवावी लागली तरी लॅपटॉप मांडीवर किंवा पायांत असू द्यावा, आणि स्थानक आले की पुस्तक मिटून त्याच्याकडे पाहावे. याला एक रुपयाही लागत नाही.

पिशवीप्रेमी
सॅक फळीवर ठेवली हा दोष सॅकचा नव्हे.

निवृत्त_अभियंता
मी सव्वीस वर्षे यंत्रसामग्रीच्या कामासाठी एकोणीस देश फिरलो आणि माझा एकही लॅपटॉप हरवला नाही, याचे श्रेय केन्सिंग्टन कुलपाला आहे. पोलादी तार पलंगाच्या पायाला किंवा टेबलाच्या आडव्या दांडीला गुंडाळावी आणि कुलूप लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत बसवावे. जर्मनीत एका हॉटेलच्या सफाई कर्मचाऱ्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिल्याचे स्मरते. हल्लीच्या पिढीला वजन नको असते, म्हणून हे कुलूप मागे पडले, एवढेच.

तळेगावहून
काका, आपला अनुभव मोठा आहे, तरी दोन गोष्टी नमूद करतो. हल्लीच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपना ती खाच दिलेलीच नसते, मॅकबुक एअरला तर नाहीच, त्यामुळे ताईंनी कुलूप घेण्यापूर्वी यंत्राच्या दोन्ही कडा पाहाव्यात. दुसरे, ही तार वाचनालयात पाच मिनिटे उठून जाताना उपयोगी पडते. परंतु ज्याच्याकडे कातर आणि रिकामी खोली आहे त्याला ती थांबवत नाही. होस्टेलमध्ये लॉकर असतात, मात्र कुलूप बहुधा आपले आपणच न्यावे लागते. तेव्हा साधे आकड्यांचे छोटे कुलूप न्यावे आणि खोली नोंदवण्यापूर्वी लॉकरचा आकार पत्राने विचारून घ्यावा, कारण काही लॉकरमध्ये पाकीट आणि पारपत्र मावते, लॅपटॉप मावत नाही. हॉटेलांतील भिंतीच्या तिजोरीचीही तीच गत असते, आणि ती उघडण्याचा मुख्य संकेतांक व्यवस्थापनाकडे असतो हे वेगळेच.

निवृत्त_अभियंता
खाच नसलेले यंत्र घ्यावेच कशाला?

हिंजवडीचा_वारकरी
चर्चा पिशवीभोवती फिरत आहे, पण प्रश्नात तर स्पष्ट म्हटले आहे की यंत्रापेक्षा आतला मजकूर मोलाचा आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विंडोजला पासवर्ड लावला म्हणजे आतील मजकूर सुरक्षित झाला, हा समज चुकीचा आहे. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की पासवर्ड न विचारताच सगळे उघडते. ते टाळायचे असेल तर डिस्क सांकेतिक रूपात साठवावी लागते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर असते, होम आवृत्तीत बऱ्याच यंत्रांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाची सोय असते, आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट. विंडोजवर हे चालू केले की ४८ अंकांची रिकव्हरी की तयार होते. ती कागदावर लिहून पुण्यात घरच्या माणसाकडे ठेवावी. माझ्या एका सहकाऱ्याने ती लॅपटॉपच्याच बॅगेत, चार्जरच्या कप्प्यात ठेवली होती. प्रवासात यंत्र नेताना नुसते झाकण मिटू नये, पूर्ण बंद करावे; झोपवलेल्या यंत्राच्या स्मृतीत डिस्क उघडणारी किल्ली जागीच असते.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे. बँकेचा आणि ईमेलचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो. सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वीच सुरू केले नाही तर तो संदेश पोचत नाही, आणि फोन व लॅपटॉप एकाच पिशवीत असतील तर दोन्ही बरोबरच जातात. गूगल खात्यातून, ओटीपीऐवजी वापरायचे, आठ अंकी असे दहा बॅकअप कोड छापून घेता येतात. तो कागद पारपत्राजवळ न ठेवता वेगळ्या कपड्यांत ठेवावा. हे सर्व करायला एक संध्याकाळ लागते आणि खर्च काही नाही.

शनिवारातला
विम्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसासाठी) जो प्रवासविमा सक्तीचा आहे, त्यात किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते. पण ती अट आजारपण, रुग्णालय आणि मायदेशी परत आणणे यांपुरती आहे. लॅपटॉपचा तिच्याशी संबंध नाही. सामानाचे कलम वेगळे असते आणि ते वाचायला भिंग लागते. माझा लॅपटॉप रोममध्ये गेला तेव्हा मी पोलिसांचा कागद, खरेदीचे बिल, सगळे जोडले. कंपनीने कळवले की मी वस्तू ‘लक्ष न ठेवता’ सोडली होती. मी तेव्हा त्याच टेबलावर बसून कॉफीचे पैसे मोजत होतो! तीन महिने पत्रव्यवहार केला आणि हाती भोपळा आला.

तरीही तीन गोष्टी कराव्यात. यंत्राच्या तळाशी असलेल्या अनुक्रमांकाचे छायाचित्र आणि बिलाची प्रत ईमेलमध्ये ठेवावी. चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. स्पेनमध्ये तिला ‘देनुन्सिया’ म्हणतात, आणि अनुक्रमांकाशिवाय ती निव्वळ ‘एक काळा लॅपटॉप’ एवढीच राहते. तातडीच्या मदतीसाठी युरोपीय संघात ११२ हा क्रमांक चालतो.

कोथरूडची_काकू
अगं, चोरी बार्सिलोनातच होते असे समजू नकोस. आमच्या जावयांचा लॅपटॉप पुणे जिल्हा ओलांडण्याआधी गेला. मुंबई विमानतळासाठी सामायिक टॅक्सी केली होती, द्रुतगती मार्गावरील फूड मॉलवर गाडी थांबली, जावई वडापाव घ्यायला उतरले आणि बॅग सीटवर राहिली. परत आले तेव्हा चालक पाणी प्यायला गेलेला होता आणि बॅगही नव्हती. चार तासांच्या या प्रवासात आपण घरीच आहोत असे वाटते, तेथेच माणूस गाफील राहतो.

पिंपळे_सौदागर
अमेरिकेला जात असाल तर हे लक्षात घ्या की तेथील सीमाधिकारी लॅपटॉप आणि फोन उघडून दाखवायला सांगू शकतात, आणि पाहुण्या प्रवाशाने नकार दिल्यास त्याला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. आवश्यक नसलेला मजकूर घरीच ठेवून जाणे उत्तम.

औंधकर
ताई स्पेनला जात आहेत.

निवृत्त_अभियंता
निघताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, नाहीतर परत येताना आपल्याच लॅपटॉपवर कर भरावा लागतो. आम्ही १९९८ साली हे न चुकता करत असू.

तळेगावहून
काका, आता १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो. कोणी दोन यंत्रे किंवा भारी कॅमेरा नेत असेल तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग आहे. एका जुन्या लॅपटॉपसाठी रांगेत उभे राहण्याचे कारण नाही.

चक्रधर_एक
पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली तर चालते का? मी नेहमी तसेच करतो.

हिंजवडीचा_वारकरी
चालत नाही. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे; १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते. बाजारात मिळणारी २०,००० एमएएच क्षमतेची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे ती बसते. लॅपटॉपही हातातच असावा. मोठ्या बॅगेत आदळआपट होते आणि बॅग हरवली तर आतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जबाबदारी विमान कंपन्या सहसा घेत नाहीत.

सुरक्षा तपासणीत लॅपटॉप ट्रेमध्ये काढून ठेवावा लागतो, तेव्हाही सावध असावे. चार जणांचे चार करडे लॅपटॉप एका रांगेत बाहेर येतात. मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर मी एका गृहस्थांचा लॅपटॉप उचलून चालू लागलो होतो. त्यांनी हाक मारली म्हणून अनर्थ टळला. झाकणावर एखादे ठळक चिकटचित्र लावावे.

तळेगावहून
चार्जरसाठी सातशे रुपयांचा जागतिक अडॅप्टर घेऊ नये. चार्जरच्या विटेसारख्या ठोकळ्यातून भिंतीकडे जाणारी वायर बहुतेकदा सुटी निघते. तापकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत युरोपीय दोन गोल पिनांची तीच वायर मिळते, स्पेन आणि फ्रान्स दोन्हीकडे बसते आणि भिंतीतून लोंबकळत नाही. त्या ठोकळ्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेले आहे एवढे पाहून घ्यावे.

पिशवीप्रेमी
हे सगळे ठीक आहे. परंतु मूळ प्रश्न बॅगेचा होता. आता त्याच सॅकची नवी आवृत्ती ११,००० रुपयांना मिळते.

सिंहगड_रोड
माझा सल्ला सर्वांहून वेगळा आहे. लॅपटॉप नेऊच नका. निबंध पेनड्राइव्हवर न्या, परिषदेतील यंत्रावर दाखवा आणि ग्रंथालयातले टिपण वहीत घ्या. न नेलेली वस्तू चोरीला जात नाही.

मोडीवाचक
सर्वांचे मनापासून आभार. पॅरिसमध्ये कागदांची छायाचित्रे रोजच्या रोज तपासून नावे द्यावी लागतात, नाहीतर परत आल्यावर कोणते पान कोणाच्या दप्तरातले ते कळत नाही; त्यामुळे लॅपटॉप न्यावाच लागेल. माझ्या यंत्राला काकांनी सांगितलेली खाच नाही. चोरीरोधक सॅक आणि सामानाचा वेगळा विमा, दोन्ही घेत नाही.

मी आईची जुनी खाकी कॅनव्हासची पिशवी काढली आहे. तिच्याकडे पाहून आत भाजीच असेल असे कोणालाही वाटावे. सदाशिव पेठेतल्या एका शिंप्याकडून तिच्या तोंडाला जाड चेन आणि आत गादीचा कप्पा शिवून घेतला, आणि खांद्याच्या पट्ट्याला दुसरी पट्टी हुकासह जोडून घेतली, म्हणजे बसल्यावर पिशवी मांडीभोवती अडकवता येते. शिंप्याने दोनदा विचारले की हे नक्की कशासाठी आहे. शिलाई ३५० रुपये झाली. आकड्यांचे कुलूप, तापकीर गल्लीतली वायर आणि झाकणावर चिकटवायला एक मोठा पिवळा बेडूक धरून एकूण ७९० रुपये खर्च झाला. सर्व छायाचित्रांची एक प्रत जुन्या हार्ड डिस्कवर करून ती बहिणीकडे ठेवली आहे आणि ४८ अंकांचा कागद तिच्याच देव्हाऱ्याखाली आहे.

पिशवीप्रेमी
कॅनव्हास ब्लेडने एका झटक्यात फाटते. आपली इच्छा.

निवृत्त_अभियंता
लोखंडी टेबलाला बांधल्याशिवाय मला झोप लागली नसती.

मोडीवाचक
काल परत आले. सांत्स स्थानकावर गाडीत बसण्यापूर्वी सामान यंत्रातून तपासतात, तेथे बेडकाचा फार उपयोग झाला, कारण माझ्या पुढेमागे तसेच तीन काळे लॅपटॉप होते. होस्टेलच्या लॉकरमध्ये पिशवी उभी मावली नाही, आडवी मावली. मांडीवरची पट्टी उपाहारगृहात मी दोनदा विसरून उठले आणि दोन्ही वेळा खुर्चीसकट अडखळले. लॅपटॉप सुखरूप आहे.

चार्जर मात्र पॅरिसच्या होस्टेलमध्ये, खाटेमागच्या भिंतीतच राहिला. तो नवा घ्यायला इकडे २,४०० रुपये पडले, म्हणजे मर्यादा १९० रुपयांनी ओलांडली.

तळेगावहून
वायरसकट राहिला का?

मोडीवाचक
हो, वायरसकट.

कोथरूडची_काकू
त्या शिंप्याचे दुकान सदाशिव पेठेत नेमके कोठे आहे ते मला वेगळा निरोप पाठवून कळव. जावयांसाठी हवे आहे.