मदत हवी आहे: मोरोक्कोचा मुदव्वना कायदा

नमस्कार मंडळी, एमएच्या सेमिनारला मोरोक्कोचा कौटुंबिक कायदा, म्हणजे मुदव्वना, घेतलाय आणि आता जाम अडकलेय. 2004 ला तिथे मुलींचं लग्नाचं वय 15 वरून 18 केलं, सज्ञान बाईला लग्नासाठी वलीची, म्हणजे पुरुष पालकाची, सक्ती राहिली नाही, नवऱ्याची आज्ञा पाळायचं कलम गेलं, तलाकवर कोर्टाची देखरेख आली, दुसरी बायको करायची तर जजची परवानगी. पण 18 च्या आतल्या लग्नालाही जजच परवानगी देऊ शकतो, मग काय उपयोग! आणि वारशात मुलीचा वाटा भावाच्या निम्माच. ट्युनिशियाने तर 1956 लाच बहुपत्नीत्वावर सरळ बंदी घातली, मग इथेच घोडं कुठे अडलं? 2000 मध्ये एकाच दिवशी रबातला सुधारणेच्या बाजूने आणि कासाब्लांकात विरोधात मोर्चे निघाले, एवढं सापडलंय.

सर म्हणतात समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध 1966 ला मुंबईत काढलेल्या सात मुस्लिम बायकांच्या मोर्चाशी तुलना कर. आता सात बायका कुठे आणि ते लाखोंचे मोर्चे कुठे, पण मागण्या बऱ्याच सारख्या आहेत हेही खरं.

फ्रेंच किंवा अरबी येणारं कोणी आहे का इथे? तिथल्या कोर्टात 18 च्या आतल्या लग्नाची ही परवानगी नेमकी कशी मिळते, जज काय बघतो, एवढं कळलं तरी पुरे. सेमिनार पुढच्या गुरुवारी आहे, प्लीज.